सायकलच्या दुकानापासून लोखंडी नांगरापर्यंत : लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि आपल्या फाट्यावरची वेल्डिंगची दुकानं

दर्यापूर (प्रतिनिधी) : जून महिना लागला की आमच्या फाट्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानात सकाळी सातपासून गर्दी असते. कुणाच्या डवऱ्याची पास ढिली झालेली, कुणाच्या तिफणीचा दांडा तुटलेला. पण अर्ध्याहून जास्त गर्दी मोटारसायकलवाल्यांची. कुणाला दुधाच्या कॅनसाठी दोन्ही बाजूंनी हूक पाहिजे, कुणाला खताचं पोतं बसेल असं मागचं कॅरियर, कुणाला लेगगार्ड, कुणाच्या साईड स्टँडला खाली पट्टी, म्हणजे ओल्या वावरात गाडी रुतून आडवी होणार नाही. कंपनीची गाडी शोरूममधून निघते तेव्हा ती शहरातल्या माणसासाठी असते. ती कास्तकाराची होते फाट्यावर.

या धंद्यात आता नवीन पोट्टे येऊ लागले आहेत. शेजारच्या गावातल्या एका पोरानं बारावीनंतर आयटीआय केलं, नोकरी लागली नाही, म्हणून घरच्या पडवीत वेल्डिंग मशीन मांडली. मले म्हणे, काका, तुम्ही पेपरात लिहिता, तर या कामाची सुरुवात कशी करावी यावर काहीतरी लिहा. मी विचार केला, वेल्डिंग कशी मारावी हे मी सांगण्यापेक्षा, ज्या माणसानं आपल्या मुलखात लोखंडाच्या कामाचा पाया घातला त्याचीच गोष्ट सांगावी. तो माणूसही दुचाकीपासूनच सुरू झाला होता. आणि योगायोग असा की त्याचा वाढदिवस 20 जूनला, ऐन पेरणीच्या तोंडावर येतो.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. नाव सगळ्यांना माहीत आहे. विहिरीवरच्या इंजिनावर वाचलेलं, पंपावर वाचलेलं. माझ्या आज्याच्या विहिरीवर त्या नावाचं डिझेल इंजिन होतं, त्याचा ठकठक आवाज दोन शेतांपलीकडं ऐकू यायचा. पण नावामागचा माणूस कोण, हे मला बरीच वर्षं माहीत नव्हतं. मी तर लहानपणी किर्लोस्कर ही इंग्रज कंपनी आहे असंच समजत होतो.

रंग दिसेना म्हणून

लक्ष्मणराव 1869 साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी जन्मले. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे पंडित. घरात पोथ्या, पुराणं, शास्त्रार्थ. अशा घरातल्या पोरानं संस्कृत शिकावं, नाहीतर सरकारी नोकरी धरावी, हीच अपेक्षा. या पोराचं मन मात्र शाळेच्या पुस्तकात रमेना. त्याला दोन गोष्टींचा नाद होता, चित्र काढायचा आणि यंत्रं पाहायचा.

1885 साली ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथं काही काळानं लक्षात आलं की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. डोळ्यांचाच दोष. चित्रकार व्हायला निघालेल्या पोरासाठी यापेक्षा वाईट बातमी कोणती असणार? रंगवायचं सुटलं. पण रेघ सुटली नाही. यंत्राच्या नकाशाला रंग लागत नाही, माप लागतं. त्यांनी यंत्रांचं रेखाटन शिकून घेतलं आणि मुंबईतल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, तोच विषय शिकवायला लागले.

इथं मी जरा थांबतो, कारण फाट्यावरच्या पोरांसाठी हा भाग महत्त्वाचा आहे. आपल्याकडं कॅरियर बनवायला गाडी आणली की दुकानदार डोळ्यानंच अंदाज घेतो, पाईप कापतो, लावून पाहतो, नाही जमलं की पुन्हा कापतो. पाईप वाया, रॉड वाया, आणि दुसरी तशीच गाडी आली की पुन्हा पहिल्यापासून. कागदावर एक रेघ मारून त्यावर मिलिमीटर लिहिले असते, तर दुसरं कॅरियर निम्म्या वेळात झालं असतं. लक्ष्मणरावांच्या हातात वेल्डिंग नव्हती, त्या काळी आपल्याकडं ती कुठं होती? पण त्यांच्या हातात नकाशा होता. लोखंडाला हात लावण्याआधी वस्तू कागदावर उभी करायची ही सवय त्यांना त्या नोकरीतून लागली.

शिकवायचं काम कागदावरचं असलं तरी त्यांचं लक्ष वर्कशॉपमध्ये असे. रिकामा वेळ मिळाला की तिथं जायचं, यंत्र कसं चालतं ते पाहायचं, हात काळे करायचे. मास्तर माणसानं मजुरासारखं काम करावं हे त्या काळी कमीपणाचं समजत. आजही फार बदललं आहे असं नाही. डिग्री घेतलेला पोरगा ग्राइंडर हातात धरायला लाजतो, हे मी माझ्या नात्यातच पाहिलं आहे.

दुचाकीचं दुकान

मुंबईत त्यांनी सायकल पाहिली. तेव्हा सायकल ही आजच्या बुलेटपेक्षाही नवलाची चीज. दोन चाकांवर माणूस पडत कसा नाही, हेच लोकांना कळेना. लक्ष्मणरावांना त्यात धंदा दिसला. थोरले भाऊ रामचंद्रपंत, घरचे त्यांना रामूअण्णा म्हणत, बेळगावात होते. 1888 साली दोघा भावांनी मिळून बेळगावात सायकलचं दुकान काढलं. नाव ठेवलं किर्लोस्कर ब्रदर्स. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली विकत घेऊन पाठवायचे, रामूअण्णा बेळगावात विकायचे, दुरुस्त करायचे, आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. एका सायकलची किंमत सातशे ते हजार रुपये होती आणि चालवायला शिकवण्याचे वेगळे पंधरा रुपये घेत, असं सांगतात. त्या काळचे हजार रुपये म्हणजे काय, ते तुमच्या आज्याला विचारा. म्हणजे गिऱ्हाईक साधासुधा नव्हता, वकील, साहेब, जमीनदार असाच असणार.

बेळगावात ज्या रस्त्यावर हे दुकान होतं त्याला आजही किर्लोस्कर रोड म्हणतात.

लक्षात घ्या, लक्ष्मणरावांनी दुकान काढलं म्हणून लगेच नोकरी सोडली नाही. मुंबईचा पगार चालू होता, गावाकडं भाऊ दुकान सांभाळत होता. आजकाल मोबाईलवर जे व्हिडिओ येतात त्यात सांगतात की नोकरीला लाथ मारा, उडी घ्या. ज्याच्या घरी दोन एकर कोरडवाहू आहे त्यानं उडी घेतली तर तो पडतो कुठं, हे त्या व्हिडिओवाल्याला माहीत नसतं. किर्लोस्करांची सुरुवात एक पाय जमिनीवर ठेवूनच झाली. घरात दोन भाऊ होते आणि दोघांचं पटत होतं, ही त्यांची खरी पुंजी. आपल्याकडं भाऊ-भाऊ एका धुऱ्यासाठी कोर्टात जातात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

पुढं मुंबईच्या नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांचा हक्क डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. काम येत होतं, वर्षं झाली होती, पण कातडीचा रंग आडवा आला. त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं.

दुरुस्तीच्या दुकानाचा फायदा काय असतो? तुमच्यापुढं दुसऱ्यानं बनवलेली वस्तू उघडी पडते. कुठं झिजली, कुठं तुटली, कोणता बोल्ट आटे सोडतो, हे दिसतं. बनवणाऱ्याच्या चुका फुकटात शिकायला मिळतात. मोटारसायकलचे सुटे भाग बनवायचे असतील तर आधी वर्षभर तुटलेले भाग जोडा, असं आमच्या फाट्यावरचा जुना मिस्त्री सांगतो. साईड स्टँड नेहमी वेल्डच्या शेजारीच का तुटतो? कारण तिथं लोखंड तापून त्याचा गुण बदललेला असतो आणि सगळा झटकाही तिथंच बसतो. हे तुटलेला स्टँड हातात घेऊन पाहिलं की जास्त चांगलं कळतं.

कडबा कापायचं यंत्र आणि न विकलेले नांगर

सायकली विकणं म्हणजे दुसऱ्याची वस्तू विकणं. लक्ष्मणरावांना स्वतःची वस्तू करायची होती. त्यांनी गिऱ्हाईक शोधलं ते साहेबांच्या बंगल्यात नाही, शेतात. पहिली वस्तू केली कडबा कापायचं यंत्र. बैलाला अख्खा कडबा टाकला की तो पानं खातो आणि धांडे तुडवतो. तोच बारीक करून दिला की सगळा संपतो. हे आपल्याला माहीत आहे, पण त्या काळी कुऱ्हाडीनं जेवढा तुटेल तेवढाच.

मग आला लोखंडी नांगर. तेव्हा बाजारात विलायतेहून आलेले लोखंडी नांगर होते, रॅन्सम कंपनीचे. तेच पाहून, आपल्या बैलांचा आणि मातीचा विचार करून, किर्लोस्करांनी 1903 साली पहिला लोखंडी नांगर तयार केला.

आणि तो कोणी घेईना!

शेतकऱ्यांचं म्हणणं असं की लोखंडानं जमिनीला विष चढतं, काळी आई नासते. आज ऐकून हसू येईल. पण मी कास्तकार आहे, मला हसू येत नाही. वर्षातून एकदा पिकणारं वावर, त्यात काहीतरी नवीन घालायचं आणि पीक बुडालं तर भरून कोण देणार? आपणही नवीन बियाणं आधी दोन तासांत लावून पाहतो. लाकडी नांगराला सुतार गावात होता, बलुत्यावर काम करत होता, तुटलं तर सकाळी दुरुस्त. लोखंडी नांगर तुटला तर बेळगावला जावं लागणार. म्हणजे त्या शेतकऱ्याचा नकार वेडेपणाचा नव्हता, त्यात हिशेबही होता.

पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! कारखाना चालू, भट्टीला कोळसा लागतो, कामगाराला पगार लागतो, आणि माल पडून. या दोन वर्षांत माणसं धंदा बंद करतात. ते थांबले कसे, याचं माझं उत्तर असं की सायकल, दुरुस्ती, कडबा-यंत्र अशी बाकीची कामं चालू होती. नवीन पोरांनी हेही ध्यानात ठेवावं, स्वतःच्या डिझाईनचं कॅरियर खपायला लागेपर्यंत फाटकं आणि खाटा जोडूनच घर चालतं.

नांगराची खरी परीक्षा फाळात असते. ओतीव लोखंड साधं असलं की लवकर झिजतं, फार कडक असलं की दगडावर तुटतं. रॅन्समनं यावर शंभर वर्षं आधीच, 1803 मध्ये, तोड काढली होती. साचा सगळा वाळूचा न ठेवता फाळाच्या खालच्या बाजूला थंड लोखंड ठेवायचं. वितळलेला रस त्याला लागला की ती बाजू झटक्यात थंड होऊन काचेसारखी कडक होते, वरची बाजू मात्र हळू थंड होऊन नरम राहते. मग चालता चालता नरम बाजू झिजते, कडक बाजू टिकते आणि फाळ आपोआप धारदार राहतो. डोकं पाहा! विलायती नांगराच्या तोडीचा माल द्यायचा तर किर्लोस्करांना हे सगळं ओतकाम इथं, आपल्या माणसांकडून करून घ्यायचं होतं. सुरुवातीच्या फाळांबद्दल तक्रारी आल्या, असं सांगतात. तक्रार आली म्हणजे कुणीतरी वस्तू वापरली, हे तरी झालं.

आपल्या वऱ्हाडातल्या काळ्या जमिनीत लोखंडी नांगरानं काय केलं, ते जुन्या माणसांना विचारा. हराळी आणि कुंदा यांची मुळं खोल जातात. लाकडी नांगर वरची माती ओरखडतो, खालची मुळं तशीच. लोखंडी नांगर तास उलटा करतो, मुळं वर येतात आणि वैशाखाच्या उन्हात वाळतात. ट्रॅक्टर यायच्या आधी दोन-दोन, तीन-तीन बैलजोड्या लावून ही नांगरट व्हायची.

जागा गेली

धंदा जरा रुळावर येत होता तेवढ्यात बेळगावच्या नगरपालिकेनं कारखान्याची जागा मागितली. गावाची नवी वस्ती वाढवायची होती, त्यात ठळकवाडीची ही जागा गेली. यंत्रं बसलेली, भट्टी बांधलेली, आणि उठा. रस्ता रुंदीकरणात ज्याची टपरी गेली आहे त्याला हे दुःख सांगायला नको. आमच्याकडंही महामार्ग झाला तेव्हा कितीतरी मिस्त्री लोकांची दुकानं उठली, काही पुन्हा बसली, काही नाही.

लक्ष्मणरावांना हात दिला औंध संस्थानच्या राजानं. श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी. हा राजा स्वतः चित्रकार होता. रंग न दिसल्यानं चित्रकला सुटलेल्या माणसाला चित्रकार राजानंच जागा द्यावी, हा एक गमतीचा योग. आधी त्यांनी लक्ष्मणरावांना औंधला मंडपाच्या बांधकामाचं काम दिलं होतं. मग कारखान्यासाठी कुंडल रोड रेल्वे स्टेशनाजवळची बत्तीस एकर पडीक जमीन आणि दहा हजार रुपये कर्ज दिलं.

1910 साली हे लोक तिथं पोचले. जमीन म्हणजे निवडुंगाचं रान आणि सापांचा सुळसुळाट. पाण्याची अडचण. पंचवीस कामगार आणि त्यांची बायका-पोरं. राहायला घर नाही. आधी निवडुंग तोडला, मग तंबू-झोपड्या, मग कारखाना. त्या वस्तीचं नाव किर्लोस्करवाडी. आता सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात येते, कोल्हापूर-पुणे रेल्वेवर त्या नावाचं स्टेशन आहे. स्टेशन जवळ असणं हा हिशेबाचा भाग होता. कोळसा आणि लोखंड येणार रेल्वेनं, नांगर जाणार रेल्वेनं. आपल्या अकोला, मूर्तिजापूर, बडनेऱ्यात जिनिंग-प्रेसिंग स्टेशनाच्या आजूबाजूलाच का उभ्या राहिल्या, त्याचं कारणही हेच.

वस्तीची आखणी आणि व्यवस्था रामूअण्णांनी पाहिली. लक्ष्मणरावांनी जमवलेली माणसं पाहिली तर आजचा कोणताही साहेब त्यांना मुलाखतीला बोलावणार नाही. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, त्यांच्यातून यंत्र घडवणारा कारागीर निघाला. शंभोराव जांभेकर इंजिनाचे जाणकार. मंगेशराव रेगे हिशेब सांभाळणारे. आणि रात्रीच्या पहाऱ्याला कोण, तर दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेली माणसं. ज्याला चोर म्हणून गावानं बाहेर काढलं त्याच्या हातात कारखान्याची राखण दिली.

वाडीत शिवाशिव पाळायची नाही असा लक्ष्मणरावांचा दंडक होता. वेदान्ती बापाच्या पोटी जन्मलेला माणूस 1910 च्या सुमारास हे करतो. आपल्या गावात आजही काही विहिरींबद्दल काय बोललं जातं हे तुम्हाला-मला माहीत आहे. जास्त लिहीत नाही.

तोफांचे नांगर

1914 साली पहिलं महायुद्ध सुरू झालं. विलायतेहून येणारा माल थांबला. एका बाजूनं किर्लोस्करांचं नशीब उघडलं, कारण परदेशी नांगर येईनासे झाले आणि मागणी यांच्याकडं वळली. दुसऱ्या बाजूनं अडचण, कारण ओतायला लोखंडही बाहेरूनच यायचं.

तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या, निकामी तोफा दिल्या. त्या वितळवून त्यांचे नांगर केले गेले. ज्या लोखंडानं किल्ले राखले ते वावरात उतरलं. मला या सगळ्या चरित्रात हाच प्रसंग सगळ्यात जास्त आवडतो. आमच्या फाट्यावर जुन्या ट्रकच्या कमानपाट्यांचे विळे आणि खुरपी होतात तेव्हा मला त्या तोफा आठवतात. भंगार पाहून कशाचं काय होईल हे ज्याला दिसतं, तो लोहार.

1920 साली किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर नावाचं मासिक सुरू केलं, त्याचंच पुढं किर्लोस्कर मासिक झालं. नंतर स्त्री आणि मनोहर. नांगराच्या कारखान्यातून मराठी मासिकं निघाली, हे जगात दुसरीकडं कुठं झालं असेल असं वाटत नाही. वाडीत पुढं उसाचे चरक, शेंगा फोडायचं यंत्र, 1926 च्या सुमारास पंप, असं एकेक वाढत गेलं. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला इंजिनिअरिंग शिकून आले आणि त्यांनी कारभार फार मोठा केला. 1946 मध्ये पुण्याला तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा आणि बंगळूरला विजेच्या मोटारींचा कारखाना सुरू झाला. आज्याच्या विहिरीवरचं इंजिन त्या पुण्याच्या कारखान्याचं. तो सगळा विस्तार वेगळा विषय आहे, त्यात मी शिरत नाही.

लक्ष्मणराव काही काळ औंध संस्थानचे दिवाणही होते. 26 सप्टेंबर 1956 ला ते गेले. 1969 साली, जन्माला शंभर वर्षं झाली तेव्हा, भारत सरकारनं त्यांच्यावर टपालाचं तिकीट काढलं.

आता फाट्यावरच्या पोराचं

त्या पोरानं मागितलं होतं ते सांगायचं राहिलं, तर आमच्या जुन्या मिस्त्रीकडून आणि माझ्या स्वतःच्या चुकांतून जे कळलं ते लिहितो.

माझी चूक आधी. पाच-सहा वर्षांपूर्वी मी उसन्या मशीनवर स्वतःच्या गाडीचं कॅरियर स्वतः जोडलं. पाईपवरचा गंज आणि जुना रंग घासला नाही, वरूनच रॉड मारला. वरून वेल्ड गुळगुळीत दिसत होता. मूर्तिजापूर रस्त्यावर एका गतिरोधकावर कॅरियर मागून सुटलं आणि खताचं पोतं रस्त्यावर. मागून येणारा टेम्पो हळू होता म्हणून वाचलं. तेव्हापासून लोखंड पांढरं चकचकीत होईपर्यंत घासल्याशिवाय मी रॉड पेटवत नाही.

मोटारसायकलच्या पाईपला जाड रॉड नको. 2.5 मिलिमीटरचा 6013 रॉड, करंट साधारण 70 ते 90 अँपिअर. आधी चार ठिकाणी टाका मारा, गाडीवर लावून पाहा, दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते मापा, मग पूर्ण वेल्ड. एका दमात एक बाजू भरली तर पाईप ओढला जातो आणि कॅरियर वाकडं होतं. पाण्याचा गॅल्वनाईज पाईप स्वस्तात मिळतो म्हणून तसाच जोडू नका, त्यावरच्या जस्ताचा धूर छातीत जातो, रात्री ताप भरतो. तो थर आधी घासून काढा, आणि काम उघड्यावर करा.

गाडीवर बसवलेल्या स्थितीत वेल्डिंग टाळा. टाळता येतच नसेल तर बॅटरीची दोन्ही टोकं सोडा, आणि अर्थिंगची पकड जोडाच्या अगदी जवळ लावा, नाहीतर करंट चाकाच्या बेअरिंगमधून फिरतो. पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा. रिकाम्या टाकीला तर कधीच रॉड लावू नका. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा वाईट, आत वाफ असते. काळी काच नसलेला चष्मा घालून वेल्डिंग केलं तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, बटाट्याचे काप ठेवून ते बरं होत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडं जा.

गाडीच्या चेसिसला कापाकापी करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणं गाडीच्या मूळ बनावटीत असा बदल करता येत नाही, आणि अपघात झाला तर विमेवाला तेच कारण पुढं करतो. कॅरियर, हूक बोल्टनं बसेल आणि बोल्टनंच निघेल असंच करा. मागचं साडीगार्ड काढून तिथं कॅनचा हूक बसवायची पद्धत पडली आहे, ती बंद करा. ते गार्ड नियमानं बंधनकारक आहे, आणि साडी चाकात अडकून काय होतं ते आमच्या तालुक्यात सगळ्यांनी पाहिलं आहे.

परवा त्या पोराच्या पडवीत गेलो होतो. त्यानं बनवलेलं पहिलं कॅरियर परत आलं होतं. वेल्ड शाबूत होता, पण कॅन भरला की गाडीचा पुढचा भाग हलका होतो अशी गिऱ्हाइकाची तक्रार. हूक मागं फार गेला होता. पोरगा वहीच्या पाठकोऱ्या पानावर गाडीचं चाक, सीट आणि हूक यांचं अंतर मांडत बसला होता, स्केल पट्टी घेऊन. मी म्हटलं, चहा सांग. तो म्हणे, काका, दोन मिनिटं, मागच्या चाकाच्या अ‍ॅक्सलपासूनचं माप राहिलं.